युक-फानचा चहा

चीनमधल्या आमच्या फोशानात कुणालाही सिफू, म्हणजे उस्ताद, म्हणतात. बसवाल्याला, न्हाव्याला, नळ दुरुस्त करणाऱ्यालासुद्धा. पण युक-फानला? छे! नवरा गेल्यावर नव्या वर्षाच्या नाचात डोक्यावर घालायची सिंहांची मुंडकी ती एकटी बनवायची. बांबूचा सांगाडा तिचा, कागद तिचा, रंग तिचा. तरी अख्खी गल्ली तिला नुसतं 'वहिनी' म्हणायची. समोरच माझी पेजेची गाडी. ऐकून माझाच जीव जळायचा.

एक दिवस आ-तिंग नावाची मुलगी शिकायला आली. रिवाज असा, की शिष्याने गुडघे टेकून चहा द्यायचा, आणि जो चहा प्यायला तो सिफू, त्याच्या गळ्यात शिकवणं पडलं. युक-फान खुर्चीकडे निघाली, तोच दीर बिंग-चुन आडवा आला. दुकानाची पाटी त्याच्या नावाची. हाताला कधी डिंक लागला असेल तर शपथ.

"बाईमाणसाने असला चहा घ्यायचा नसतो, वहिनी. चहा मी घेतो, शिकवा तुम्ही."

"मी का म्हणून? तुम्ही प्यायलात तर तुम्हीच शिकवा, भावोजी."

त्याला वाटलं, बोलते नि विसरते. बसला ऐटीत, घटाघटा प्यायला. पोरगी बिचारी "सिफू" म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून युक-फानने कामाला हात लावला नाही. माझ्या गाडीवर पेज भुरकत बसली. आत बिंग-चुनने बांबू तासताना बोटं कापून घेतली. सिंह करायला गेला, झालं डुक्कर! नवं वर्ष तोंडावर, नाचाची मंडळं दारात ओरडायला लागली, "आमचा सिंह कुठाय?"

मी म्हटलं, "अगं, फार ताणू नकोस. पोटावर पाय येईल."

"येऊ दे. नाव त्यांचं नि हात माझे, हे आता बास."

शेवटी दीर गाडीशी आला. थंडी काय, पेज काय, नुसत्या गप्पा. ताकाला जाऊन भांडं लपवतो मेला! ती आपली पेज भुरकत राहिली. मग मान खाली घालून पुटपुटला, "सिफू... चला ना."

"तोंडदेखलं नको. किटली आत आहे."

गेला, कप भरून आणला, आणि भर गल्लीत सगळ्या मंडळांसमोर गुडघे टेकले. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं, खोटं का सांगू! युक-फानने कप सावकाश रिकामा केला.

"आता तू माझा शिष्य, बिंग-चुन. आ-तिंग तुझी शिष्या, म्हणजे माझी नातशिष्या. तिला मी शिकवते. तू झाडू घे."