गाठवालीच्या सुरया

मी उभ्या आयुष्यात खोट्या मिशा लावल्या, पुठ्ठ्याचे मुकुट घातले, लाकडाच्या तलवारीनं माणसं मारली. खोटेपणाची मला किळस नाही. तो माझा धंदाच होता. पण मळेवाल्यांच्या वाइन-संघाच्या दालनात त्या दिवशी जे पाहिलं, ते आठवलं की आजही तोंडाला पाणी सुटतं. चवीचं नव्हे, ओकारीच्या आधी सुटतं ते.

तिला सगळे गाठवाली म्हणत. नाव आमच्या नाटक कंपनीनं दिलेलं. ती कपडेपटात होती. दीड मिनिटात राजाचा भिकारी करायचा, तर तिच्याच हातची गाठ हवी. मी रंगमंचावर कितीही आपटलो तरी न सुटणारी, आणि विंगेत आलो की तिनं एका बोटानं सोडवलेली. काय दिवस होते! पुढे कंपनी बुडाली. तिचा नवरा नदीकाठच्या एका द्राक्षमळ्यात वाइन मुरवायच्या कामावर होता. तो गेल्यावर संघानं तिला कामावर घेतलं.

काम साधं. दरवर्षीच्या चाचणीत कोणती वाइन कुठल्या मळ्याची, हे परीक्षकांना कळू द्यायचं नाही. बाटल्यांवर कापडी पिशव्या चढवायच्या, त्यांना नंबर बांधायचे. आणि परीक्षक चव घेऊन थुंकतात, ती बादली उचलायची. एकवीस वर्षांत एक नंबर इकडचा तिकडे झाला नाही. बाकी तिच्यापाशी मिरवण्यासारखं काही नव्हतं. हे मात्र ती मिरवायची.

नदीकाठचे मळे आठ पिढ्यांचे. सातही परीक्षक तिथलेच. पहिला नंबर त्यांचा, दुसराही त्यांचाच. पलीकडच्या खडकाळ माळावर बारा वर्षांपूर्वीपर्यंत शेळ्या चरत. मग तिथल्या लोकांनी वेली लावल्या. गाठवालीचं माहेर त्याच माळावर.

"ह्या बाटलीला लेंड्यांचा वास येतोय हो," मुख्य परीक्षक पिशवीकडे बोट करून म्हणायचा, आणि बाटली नेमकी माळाची निघायची. म्हणून त्याला नाकसाहेब म्हणत.

एका वर्षी मी निकाल वाचायला गेलो होतो. गाठवालीनं मला कोपऱ्यात ओढलं.

"दादा, ते नाक नाही हो. अंगठा आहे."

मी पाहिलं. नाकसाहेब हुंगण्याआधी बाटलीच्या बुडाखाली अंगठा घालत होता. नदीकाठच्या बाटल्यांना तिथे खोल खळगा असतो. माळाच्या बाटल्या सपाट.

पुढच्या वर्षीही निकाल मीच वाचणार होतो. तिनं सगळी वाइन एकसारख्या काचेच्या सुरयांमध्ये ओतली. प्रत्येक सुरईच्या गळ्यात त्याच बाटलीचं बूच, मळ्याच्या नावाचं, फडक्यात गुंडाळून बांधलं. वर नंबर. गाठ तिची.

नाकसाहेबाचा अंगठा सपाट काचेखाली जरा चाचपडला. मग त्यानं चार नंबरचा घोट घेतला आणि डोळे मिटले. "वा! आजोबांच्या मळ्यात गेल्यासारखं वाटलं." सातही परीक्षकांनी माना डोलावल्या. गाठ सोडली, फडकं उलगडलं. बूच माळाचं.

आजोबा क्षणात मेले. त्याच तोंडानं, ओठांवर तीच वाइन ओली असताना, नाकसाहेब म्हणाला, "बाईनं घोळ घातलाय."

"गाठ मी बांधलीये, साहेब."

"तेच म्हणतो. माहेर कुठलं गं तुझं?"

सगळे हसले. एकानं हसता हसता तिच्या हातातल्या बादलीच्या काठावर थुंकलं. ओघळ तिच्या पदरावर आला. मला शिसारी आली. नाकसाहेबानं कागद खरडून माझ्या हातात दिला: 'कर्मचारी बाईच्या चुकीमुळे चाचणी पुन्हा घेत आहोत.'

"वाचा, नटवर्य."

"दादा," ती हळूच म्हणाली, "एकवीस वर्षं हो."

मी चष्मा घरी राहिल्याचं सांगितलं. तो माझ्या खिशातच होता.

दुपारी, या खेपेला नाकसाहेबानं स्वतः ओतलं. सुरया विसळल्या आणि प्रत्येकीच्या बुडाला खडूनं मळ्याचं नाव लिहिलं.

"साहेब, ओल्या काचेवर खडू—"

"तू बादली बघ."

तिनं बादली बघितली. दुसऱ्या एका परीक्षकानं सुरया मांडून पुढे नंबरांच्या चिठ्ठ्या ठेवल्या. घोट, गुळण्या, पिचकाऱ्या, हनुवटीवरून लोंबणारे धागे. अखेर दोन नंबर पहिला आला. नाकसाहेबानं सुरई उचलून बूड पाहिलं. मग दुसरी. मग सगळ्याच. नावं टेबलाच्या चादरीवर पांढरा चिखल होऊन पडली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"चव घेऊन सांगा ना," संघाचा चिटणीस म्हणाला. "आठ पिढ्यांची वाइन तुमची."

सात जणांनी पुन्हा चव घेतली. 'ही आमची' म्हणून पाच वेगवेगळ्या सुरयांकडे बोटं गेली.

मग नाकसाहेब मधात बुडवल्यासारखा बोलला. "बाई, तुम्ही दोन्हीकडे राहिलेल्या. तुम्हाला वासावरून कळेल. सांगा बघू."

तिला कळलं असतं. ती म्हणाली, "माझा शब्द खोटा ना, साहेब? मग मागता कशाला? आणि खरा असेल, तर सकाळचाही खरा."

चिटणीस मला म्हणाला, "सकाळचाच निकाल वाचा."

मी खिशातून चष्मा काढला, लावला आणि माळाचं नाव असं वाचलं, की शेवटच्या रांगेत पेंगणारासुद्धा जागा व्हावा.

"तो माझ्या चुकीचा कागद द्या, दादा," गाठवाली म्हणाली. मी खिशातला काढून दिला. तिनं तो बादलीत टाकला. तो थुंकीवर जरा तरंगला आणि बुडाला.

तोवर नाकसाहेब उभा राहिला होता. "माळाचं सोनं मी पहिल्यापासून ओळखून होतो!" टाळ्या पडल्या. मी इतके प्रेक्षक पाहिले, पण असल्या टाळ्या नाही ऐकल्या. मग तो हात पुढे करून तिच्यापाशी आला. "बाई, झालं गेलं..."

तिनं भरलेली बादली दोन्ही हातांनी उचलली होती.

"हात रिकामे नाहीत, साहेब. सरका, अंगावर सांडेल."

तो सरकला.