यमुनामावशींचा संशय

यमुनामावशी पुस्तक परत करताना खुनी कितव्या पानावर सापडला ते सांगत. वाचनालयाच्या काउंटरवर, रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. नाव मात्र कधी फोडत नसत, तेवढी सभ्यता होती. "एकशे बाराव्या पानावर घावला," म्हणायच्या, आणि फुलांची रिकामी पाटी काखेत मारून रहस्यकथांच्या कपाटाकडे वळायच्या.

मखमलाबादला त्यांचा मळा होता. पहाटे मोगरा तोडायचा, फुलबाजारात विकायचा आणि नऊला वाचनालय गाठायचं, हा नव्वदच्या दशकातला त्यांचा क्रम. शिक्षण सातवी. मी दुपारच्या शाळेत मराठी शिकवायचो, आणि लेखकाने शेवटच्या पानावर सांगितल्याशिवाय मला खुनी कळत नसे. "मास्तर, तुमी लय भोळे," हे मी निदान शंभरदा ऐकलं असेल.

बहुधा त्याच रागातून मी एक रहस्यकादंबरी लिहिली. दोन वर्षं, गुपचूप. मावशींना चकवायचं, एवढाच हेतू. तेवढ्यात वाचनालयाने ग्रंथोत्सवात अप्रकाशित रहस्यकादंबरीसाठी बक्षीस ठेवलं. हस्तलिखितावर नाव नको, फक्त क्रमांक. परीक्षक दोन प्राध्यापक, आणि वाचकांच्या वतीने मावशी. मी कादंबरी टंकून घेतली आणि देऊन टाकली.

बक्षीस दुसऱ्याला मिळालं. समारंभात मावशींना दोन शब्द बोलायला लावलं, तेव्हा त्या माइकपासून हातभर लांब उभ्या राहिल्या. एका कादंबरीत म्हणे रात्री बाईचं प्रेत सापडतं. केसांत सकाळचा मोगऱ्याचा गजरा, कळ्या अजून मिटलेल्या. त्यावरून गुप्तहेर ठरवतो की ती दुपारीच मेली.

"बाई मेली म्हणून कळ्या थांबत नाय," मावशी म्हणाल्या. "तोडलेली कळीबी सांजेला उमलती. मी तिथंच वाचायचं सोडलं."

सभागृह हसलं. मीही हसलो, शेजारच्यापेक्षा जरा जास्तच. कादंबरी माझी होती.

पुढे कित्येक वर्षं तो गजरेवाला लेखक आमच्या चहाला असायचा. मावशी त्याची कीव करत, मी मान डोलवत असे. त्यानं एखाद्या माळणीला विचारायला काय हरकत होती, असं त्या मलाच विचारायच्या.

मग मावशींचे डोळे गेले आणि पाठोपाठ हृदयाचं दुखणं आलं. मी सकाळी मळ्यात जाऊन त्यांना वाचून दाखवू लागलो. एके दिवशी न राहवून सांगून टाकलं की तो लेखक मीच. त्यांनी तोंड फिरवलं. रागावल्या, असं मला वाटलं.

"मंग खून कोणी केला?"

मी सांगणार, तोच त्यांनी हात वर केला. "सांगू नका. वाचा."

गजरा मी केव्हाच काढून टाकला होता. रोज दोन प्रकरणं वाचायची असं ठरलं. मावशी एकेक परिच्छेद पुन्हा वाचायला लावत, कपाळाला आठ्या घालत. असं त्यांचं कधी होत नसे. मी मनातून हरखलो होतो. एकच प्रकरण उरलं तेव्हा त्यांनी मांडीवर थाप मारली. "डॉक्टरच हाय त्यो." मी कागद आवरले. उरलेलं उद्या, म्हणालो.

दुसऱ्या दिवशी पहाटेच मावशी गेल्या.

कादंबरीतला डॉक्टर निर्दोष होता. तेराव्याला त्यांचा मुलगा जवळ येऊन बसला. म्हणाला, "सर, आई त्या दिवशी लय खूश होती. मास्तरांचा डॉक्टर धरला, म्हणत होती. बरोबर होतं का तिचं?"

मी हो म्हणालो.