श्वास न घेणारा पेशंट

तमाम संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, पंचवीस वर्षं लोकांच्या छात्या तपासत आलेल्या एका डॉक्टरचा लातूर मुक्कामी एका रबरी पुतळ्याने सलग दोनदा पराभव केला. तो डॉक्टर मी.

पुतळा कमरेपर्यंतचाच होता. त्याच्या छातीवर प्रोब टेकवला की शेजारच्या पडद्यावर धडधडतं हृदय दिसायचं. प्रशिक्षणाच्या शेवटची परीक्षा अशी, की एका मिनिटात हृदयाची तीन चित्रं पकडायची. चित्र जमलं की हिरवा दिवा. संधी तीनच. तिन्ही हुकल्या तर पुढची तुकडी, आणि ती कधी निघणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं. इकडे उमरीला आमच्या दवाखान्यात नवंकोरं इको मशीन चादरीखाली झाकून पडलेलं. प्रमाणपत्र आणल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही, असा हुकूम. तोवर धाप लागलेल्या माणसाला मी एकच औषध लिहून देत होतो: नांदेडची एसटी.

माझी अडचण वेगळीच होती. हे काम मी नांदेडला एका मित्राकडे जिवंत माणसांवर शिकलो होतो. छातीत हवा भरली की चित्र पुसट होतं, म्हणून पेशंटला सांगायचं, "श्वास सोडा, धरा." चित्र मिळालं की, "घ्या." आता माझा हात तोंडाशिवाय चालतच नाही.

पहिल्या खेपेला मी पुतळ्याला म्हणालो, "मावशी, श्वास सोडा," आणि बरगड्या खाली जायची वाट पाहत बसलो. घंटा वाजली.

शिकवणारी डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाची, बोलणं अगदी पुस्तकी. "सर, त्याला फुप्फुसं नाहीत. आपण नेमकी कशाची वाट पाहत होतात?"

मागून आमच्या तुकडीतले उदगीरचे डॉक्टर म्हणाले, "आन् त्यो मावशी न्हाई, मामा हाय!"

दुसऱ्या खेपेला ओठ घट्ट मिटून घेतले. हात तिथेच थिजला. हृदय शोधता शोधता यकृत सापडलं. पुन्हा घंटा.

बाहेर जाऊन चहा घेतला, तोही गार. असा वैताग आयुष्यात कधी आला नव्हता. पेशंट निदान उलटून तरी बोलतो; रबरावर कसलं चिडायचं? तेवढ्यात एक कपटी विचार सुचला. आपण दर चित्रामागे "घ्या" म्हणून थांबतो, ते माणूस गुदमरू नये म्हणून. हा कशाला गुदमरतोय?

तिसऱ्या खेपेला सगळी तुकडी भोवती जमली. मी खड्या आवाजात हुकूम सोडला, "मावशी, श्वास सोडा. धरा!"

पहिलं चित्र, हिरवा दिवा. दुसरं, हिरवा दिवा. तिसऱ्याच्या आड बरगडीची सावली. प्रोब केसभर कलवला. "धरा, मावशी, धरून ठेवा, घेऊ नका अजून..." सावली सरली, दिवा लागला, आणि मग घंटा वाजली.

उमरीची चादर मला डोळ्यांपुढे दिसली. पण खोलीत एक टाळी नाही, चकार शब्द नाही. वळून पाहतो तर उदगीरकर छातीला हात लावून उभे आणि मॅडमचा चेहरा लालबुंद. पुस्तकी मराठी कुठल्या कुठे पळालेली:

"आता घ्या म्हणा की वो सर! आमी समदे गुदमरून राहिलोत!"