खाली दोरा गुतला तर

मी वाशीमला बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे सुट्टीत कामरगावजवळच्या आमच्या गावी आले की लोकांचे अर्ज लिहिणं, पत्रं वाचणं माझ्याकडे यायचं. त्या दिवाळीला गावात सरकारी योजनेतून शिलाई मशीन आलं.

मशीन महिला मंडळातल्या सगळ्या बायांचं होतं, विहाराला लागून असलेल्या खोलीत ठेवलेलं. पण ते चालेना. दोरा तुटायचा, नाहीतर कापडाखाली गुंता व्हायचा. ग्रामसेविका बाई सांगून गेल्या होत्या, "आठ दिवसांनी येते. असंच झाकून दिसलं तर दुसऱ्या गावाला द्यावं लागेल." बायांनी मशीनसोबत आलेलं इंग्रजी पुस्तक माझ्या हातात ठेवलं.

खरं सांगते, त्यातले निम्मे शब्द मला कळले नाहीत. तसं म्हणायची लाज वाटली. डिक्शनरी घेऊन दोन दिवस बसले आणि मोठ्या कागदावर माहिती लिहून भिंतीला चिकटवली. सुरुवात होती, "यंत्राचे प्रमुख भाग व त्यांचे कार्य." मला ते फार चांगलं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू दारात उभ्या. चौथी शिकलेल्या. मजुरी सोडून शिवणावर घर चालवायचं, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. मशीन गेलं असतं तर सगळ्यात जास्त त्यांचंच गेलं असतं.

"काहून वं, तुह्या कागदात माहं दुखणं कुठी हाय?"

"कोणतं दुखणं, काकू?"

"खाली दोरा गुतून राह्यला. अन् तू तं मशीनची वंशावळ लिहून ठेवली!"

चुलीपाशी माय हसली. "कॉलेजात हेच शिकवतेत काय?"

मी काकूंसोबत गेले. "तुमी करा, मी नुसती पाहते," म्हटलं. गुंता खाली व्हायचा म्हणून काकू दर वेळी खालचीच बॉबिन काढून पाहायच्या. मीही आधी तेच केलं असतं. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर मात्र वरचा दोरा तपासा, असं होतं. वर पाहिलं. कापड दाबणारा पाय खाली ठेवूनच काकू दोरा ओवत होत्या, म्हणून तो ताणून धरणाऱ्या वरच्या दोन चकत्यांच्या मध्ये बसतच नव्हता, सैल राहून खाली गुंतत होता. पाय उचलून ओवला, आणि टीप सरळ पडली.

मी माझा कागद काढून टाकला. नव्या कागदावर आधी बायांची तक्रार, त्यांच्याच शब्दांत, आणि मग उपाय. "खाली दोरा गुतते? वर पाहा. पाय उचला, मंग दोरा ओवा." "दोरा तुटते? चाक उलटं फिरून राह्यलं काय ते पाहा." वाचता न येणाऱ्यांसाठी चित्रं काढली. खाली जागा ठेवली, ज्या बाईला नवं काही सापडेल तिनं सांगावं, मी लिहीन.

ती जागा चार दिवसांत भरली. कापूस वेचून आलेल्या एका बाईनं सांगितलं, "लुगड्याले कापूस चिकटून येते, अन् मशीनच्या दात्यात फसते. पयले लुगडं झटका, मंग बसा." पुस्तकात हे कुठेच नव्हतं.

सेविका बाई आल्या. काकू शिवायला बसल्या आणि नेमका अर्ध्या टिपेवर गुंता झाला. मी उठले.

"बस तू. तुले कोनं बलावलं?"

काकू भिंतीपाशी गेल्या, ओळीवर बोट ठेवून मोठ्यानं वाचलं, परत येऊन पाय उचलला, दोरा नव्यानं ओवला. मशीन चाललं, कापडाच्या पार टोकापर्यंत.

"कोणी लिहिलं हे?" सेविका बाईंनी विचारलं.

"आमीच. इंग्रजी तेवढं इनं वाचलं."

वाईट वाटायला हवं होतं का, कोण जाणे. मला तर इतका अभिमान वाटला की मॅट्रिकच्या निकालालाही वाटला नसेल. मशीन आमच्याच गावात राहिलं. सेविका बाईंनी दुसऱ्या गावासाठी त्या कागदाची नक्कल मागितली. मी पेन काढला, तर काकूंनी तो माझ्या हातातून घेतला आणि आपल्या चौथीच्या अक्षरात पहिली ओळ लिहायला सुरुवात केली.