मतदान केंद्राची नवी जागा

मित्रांनो, आज सकाळी माझ्या तोंडून एक वाक्य गेलं. दिवसभर तेच मनात आहे.

सध्या निवडणूक नाही, पण मतदान केंद्रांच्या जागांची तपासणी सुरू आहे. आमच्या शाळेचं छत गळतं, म्हणून मतदारयादीचं काम पाहणाऱ्या बीएलओ मॅडमनी बौद्ध वस्तीतलं समाजभवन सुचवलं. इमारत पक्की आहे, रॅम्पही आहे. ग्रामपंचायतीसमोर जमलेल्या लोकांना त्यांनी विचारलं, "कोणाची हरकत?"

मीच म्हणालो, "आमच्या म्हाताऱ्यांना लांब पडेल, मॅडम." दोन-चार माना हलल्या.

त्या वस्तीतल्या शेवंताबाई मागे उभ्या होत्या. माझ्या आईसोबत त्यांनी धानाची रोवणी केली आहे. त्या म्हणाल्या, "काऊन रे बाबू, आमचे म्हातारे इतके साल शाळेत येऊनच राहिले ना? रस्ता तर तोच आहे." मग हसून म्हणाल्या, "या ना. खुर्च्या मांडू, पानी ठेवू."

मॅडमनी विचारलं, "काका, मग हरकत लिहू?"

"नको," मी म्हणालो. मान वर झाली नाही.

खरं कारण मला माहीत होतं. ते समाजभवन बांधून कितीतरी वर्षं झाली, मी एकदाही आत गेलेलो नाही. आणि दर सोमवारी सायकलने पार नागरा गावच्या महादेवाला जातो, ते मात्र कधी लांब वाटलं नाही.

संध्याकाळी देवासमोर बसलो, पण हात जोडवेनात.

तुम्हीही कधी असं म्हाताऱ्यांना पुढे करून स्वतःला लपवलं आहे का?