ड्रॅगनचं प्रतिज्ञापत्र

नव्वदच्या दशकात मी पेणच्या कोर्टाबाहेर टायपिंग करायचे. पत्र्याची शेड, एक टेबल, मराठी मशीन आणि समोर माणसं. मिठागरावरची, भातशेतीवाली, कंपनीत जमीन गेलेली. सगळ्यांना प्रतिज्ञापत्रच हवं असायचं आणि तेही आत्ताच्या आत्ता. नावात चूक, दाखला हरवला, वारस लावायचाय. वरचा मजकूर बदलायचा, शेवट मात्र तोच. "वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा व बरोबर आहे." खाली सहीला जागा. त्याच्याही खाली ओळख पटवणाऱ्यासाठी ओळ, "वर सही करणाऱ्यास मी व्यक्तिशः ओळखतो." हा ओळखणारा म्हणजे बहुतेक वेळा टपरीवर चहा पीत उभा असलेला कोणीतरी. त्यानं त्या माणसाला जन्मात पाहिलेलं नसायचं. मला त्याचं काही वाटत नसे. बोटं ठणकायची, पाठ धरायची, आणि संध्याकाळी घरी जाऊन परत चूल होतीच.

अशात एका शनिवारी एक म्हातारे गृहस्थ आले. रोह्याच्या पलीकडे अष्टमीत राहणारे, निवृत्त प्राथमिक शिक्षक. सगळे गुरुजीच म्हणायचे, मीही म्हणू लागले. त्यांनी पिशवीतून चार जाड वह्या काढून टेबलावर ठेवल्या.

"कादंबरी हाय," ते म्हणाले. "ड्रॅगनवर बसून लढणाऱ्या पोरांची. डोंगरावर युद्धविद्यालय असतं, तिथं ती शिकतात."

"ड्रॅगन म्हंजे काय हो?"

त्यांनी पिशवीतून चहाचा जुना थर्मास काढला. त्यावर लाल-सोनेरी, मिशावाला, नागमोडी प्राणी रंगवलेला होता.

"ही तर पाल हाय गुरुजी!"

"उडणारी," ते म्हणाले. हसले मात्र नाहीत.

मी नाही म्हणणार होते, खरं सांगते. पण त्यांनी एवढ्या लांबून यष्टीनं वह्या मांडीवर घेऊन आणल्या होत्या. हो म्हणून बसले आणि मग वर्षभर कपाळावर हात मारत राहिले. कोर्टाचं काम संपलं की दोन पानं. गुरुजी शनिवारी येऊन झालेली पानं तपासायचे, हातात शाळेतल्यासारखं लाल पेन. मला वळण कोर्टाचं. मी "सदरहू ड्रॅगन" टाईप करायचे, "उपरोक्त स्वार घाबरला" असं टाईप करायचे. गुरुजी लाल रेघ मारून म्हणायचे, "बाय गो, ड्रॅगनवर दावा नाय लावायचा आपल्याला."

हळूहळू मला त्या गोष्टीची ओढ लागली. त्यातल्या एका पोराला उंचीची भीती होती. त्याचा ड्रॅगन शहाणा. पोरगं पाठीवर असलं की तो नदीच्या पाण्याला पोट टेकेल इतका खाली उडायचा. बाकीचे स्वार दोघांना हसायचे. शेवटी एक दिवस तो पोरगा खोगीर काढून ठेवतो आणि खाली गावात न जाता परत विद्यालयाच्या फाटकाशी येतो. मला लढायचं नाही, पण मला इथं राहू द्या, म्हणतो. सेनापती फाटकात उभा असतो. "पायी आलेल्या स्वाराला हे फाटक उघडत नाही," एवढंच तो बोलतो. पोरगा पुलावरून चालायला लागतो आणि त्याचा ड्रॅगन, उडता येत असून, त्याच्या मागोमाग पायी जातो. तिथं कादंबरी संपते.

ते पान वाचलं त्या शनिवारी माझं डोकंच फिरलं. "हा सेनापती माणूस हाय की दगड? मेल्याला जरा तरी काळीज द्यायचंत!"

गुरुजी थर्मासचं झाकण कितीतरी वेळ फिरवत राहिले. "तो मीच हाय," ते म्हणाले.

मग एकेक करून बाहेर आलं. थर्मास त्यांच्या बोटीवर नोकरीला असलेल्या मेव्हण्यानं आणलेला. मुलगा लहान असताना दोघं रोज कुंडलिकेचा पूल ओलांडून शाळेला जायचे आणि पोरगं विचारायचं, ह्या ड्रॅगनवर कोण बसतं? गुरुजींनी ही गोष्ट तिथं, पुलावर, चालता चालता रचलेली. आणि पोरगं मोठं झाल्यावर गोष्टीचं खरं करायचं म्हणून त्याला सैन्याच्या शिक्षणाला पाठवलं. आठ महिन्यांत तो परत आला. स्टेशनावरून चालत, पूल ओलांडून. गुरुजींनी दारातच सांगितलं, अर्ध्यातून आलेला मुलगा मला नको. तो गेला तो गेलाच. नाशकाकडे कुठल्याशा गॅरेजात होता, पत्ता कळला होता. सहा वर्षांत जेवढी पत्रं पाठवली, सगळी "घेण्यास नकार" असा शेरा मारून परत.

"अक्षर ओळखतो माझं," गुरुजी म्हणाले. "म्हणून टाईप करून घेतो तुझ्याकडून. छापायची नाय मला. त्यानं एकदा वाचावी. नंतर नाय आला तरी चालेल."

चालेल कसलं! मला त्यांचा राग आला, आणि रडूही आलं, आणि दोन्ही गिळून मी मशीनवर कागद चढवला. त्या दिवशी पंधरा प्रतिज्ञापत्रं झाली होती. अंगात त्राण नव्हतं. शेवटचं पान घेतलं, तीन प्रती, मध्ये कार्बन. ड्रॅगन पुलावरून पायी निघाला, पूर्णविराम. आणि माझी बोटं थांबलीच नाहीत. पान काढलं तेव्हा कळलं. खाली टाईप झालं होतं, "वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा व बरोबर आहे." सहीची जागा. ओळख पटवणाऱ्याची ओळसुद्धा.

"अगो बाय! गुरुजी, थांबा, परत करून देते."

त्यांनी पान हातातून घेतलं. लाल पेन उघडलं. मला वाटलं, रेघ मारणार. त्यांनी सहीच्या जागी सही केली, पूर्ण नाव घालून, शाळेच्या दाखल्यावर करत तशी.

"आणि ही खालची ओळ?" मी विचारलं. "आणू कोणाला चहावाल्याकडून?"

"नको. ती राहू दे मोकळी."

सगळी कादंबरी एका जाड पाकिटात भरली, वर मुलाचा पत्ता मी टाईप केला, आणि पाठवणाऱ्याच्या जागी माझा पत्ता घातला, कोर्टासमोर, पेण. कोर्टाचं नाव बघून भलेभले पाकीट घेतात, हा माझा अनुभव. रजिस्टर केलं. पोचपावती आली, तिच्यावर नुसता फराटा. कोणाचा ते कळेना. गुरुजी तरी शनिवारी येत राहिले, काम काही नसताना. कधी कडवे वाल आणायचे, कधी नुसतेच बसायचे. मी त्यांच्याकडे बघायचं टाळायचे.

गणपतीच्या आधी, मूर्तिकारांच्या जोहे गावाहून मूर्तींचे टेंपो येऊन पेणचे रस्ते तुंबले होते तेव्हा, माझ्या नावानं एक पाकीट आलं. आत एकच कागद. मी तो वाचला, मशीनवर कापड टाकलं, समोर उभ्या माणसाला उद्या या म्हटलं आणि रोह्याची गाडी धरली. नागोठण्यापर्यंत उभी होते. मग रोह्यात उतरून कुंडलिकेचा पूल चालत ओलांडला.

गुरुजी ओटीवर वाल सोलत बसले होते. मी कागद हातात दिला. कादंबरीचं शेवटचं पान होतं. वर त्यांची लाल सही. तिच्याखाली "वर सही करणाऱ्यास मी व्यक्तिशः ओळखतो," आणि त्या ओळीखाली निळ्या शाईत त्यांच्या मुलाची सही.

त्यांनी ते किती वेळा वाचलं कोण जाणे. मग माझ्याकडे बघितलं आणि कोर्टासमोर उभं राहून रोज मला कोणीतरी विचारायचं तसंच विचारलं.

"म्हंजे आता पुरं झालं ना गो?"

"व्हय गुरुजी," मी म्हटलं. "ओळख पटली."