तलावाचं पोट

ग्रुपवर सकाळपासून नुसती फुलं पाठवताय. माझ्या लेकाला, राजूला जाऊन आज वर्ष झालं, हे एकालाही आठवलं नाही. बदाम खा रे! मी सांगतेय, नात लिहितेय.

राजूनं पाइप टाकून बसवलेला धबधबा बघायला आम्ही दोघी आज असोद्याकडच्या, तो कामाला होता त्या रिसॉर्टवर गेलो. पोहायच्या तलावात धबधब्याचं पाणी नुसतं ठिबकत होतं.

"असं का रे भाऊ?" मी माळ्याला विचारलं.

"अक्का, तलावाचं पोट बिघडेल शे."

हा राजूचाच शब्द. फिल्टर तुंबला की तो फोनवर हेच सांगायचा, म्हणजे घरी यायला उशीर, मग मी त्याचं ताट झाकून ठेवायचे.

मी नातीला म्हटलं, "चल लवकर, ताट झाकायचंय."

ती रडायला लागली, तेव्हा आठवलं. तुमच्यापेक्षा विसरभोळी मीच.

आता आठवलं म्हणून उद्या त्याच्या नावानं पुरणपोळ्या नकोत. कळण्याची भाकरी नि ठेचा पाठवा. गार चालेल, तो तशीच खायचा.